कष्टकऱ्याचा विसावा

यंदाच्या मालेची पत्रिका छापून आली आणि आमच्या नावापुढचा विषय वाचून युनियनमधले दोन जुने सहकारी ऑफिसात येऊन बाकावर बसून राहिले. चहा झाला. मग त्यांतले एक हळूच म्हणाले, "भाऊ, प्रकृती ठीक आहे ना?" तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेणाऱ्या माणसाने 'ख्रिस्ती श्रद्धेतला विसावा' या विषयावर बोलावे, ही गोष्ट त्यांना दुखण्याचे लक्षण वाटली. त्यांचा दोष नाही. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफूची उपमा दिली, आणि आमच्या चळवळीत ती उपमा इतकी वापरली गेली आहे, की तिच्या पलीकडे काही विचारावयाचे असते हेच आम्ही विसरून गेलो. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो. आम्ही ख्रिस्ती नाही आणि होण्याच्या वाटेवरही नाही. आमची शाळा दहावीत सुटली, पुढचे शिक्षण ग्रंथालयांत आणि कामगारांच्या संगतीत झाले. आज सांगावयाचा आहे तो इतिहास आहे, आणि तोही एका मजूर संघटनेचाच आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशूचे एक प्रसिद्ध बोलावणे आहे. ते बोलावणे राजाला नाही, पंडिताला नाही. जे कष्टाने थकले आहेत, ज्यांच्या डोक्यावर ओझे आहे, त्यांना आहे. मराठी बायबलात तिथे 'विसावा' हाच शब्द योजला आहे. परंतु मौज पुढेच आहे. विसावा देतो म्हणणारा हा सुताराचा मुलगा लगेच म्हणतो, की माझे जू आपल्या मानेवर घ्या. ज्याने बैल जुंपले आहेत त्याला यातली मेख ताबडतोब कळेल. जू उतरवून ठेवण्याचे आश्वासन इथे नाही. मानेला न काचणारे जू मिळेल, एवढेच आश्वासन आहे.

विसावा हा विषय कामगार चळवळीला परका नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या कामगाराने पहिली मोठी लढाई जिंकली ती विसाव्यासाठीच. मात्र तो अंगाचा विसावा होता. अंग टेकले तरी मन टेकत नाही, हा अनुभव कष्टकऱ्याला काही कमी नाही.

१९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेवाले. शेजारच्या खोलीत नगर जिल्ह्यातून आलेले एक ख्रिस्ती साचेवाले राहत. चाळीत त्यांना सगळे नाना म्हणत. संपाला आठ-नऊ महिने झाले, घरातली भांडी वाण्याकडे गेली, तरी नाना दर रविवारी धुतलेला सदरा घालून देवळात जात. ते देऊळच म्हणत, चर्च म्हणत नसत. वडिलांना त्याचा राग येई. एकदा त्यांनी जिन्यातच विचारले, "काय हो नाना, तुमचा देव संप मिटवणार का?" नाना म्हणाले, "संपाला तुम्ही-आम्ही आहोत की. देव रात्री झोप लागायला." वडील त्यावर काही बोलले नाहीत. त्या वर्षी आमच्या खोलीत रात्री कोणाला झोप लागत नव्हती, एवढे आम्हाला आठवते.

हे वाक्य आम्ही तीस वर्षे विसरलो होतो. पुढे एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचा लढा आमच्या हातून फसला आणि बासष्ट माणसे फाटकाबाहेर पडली. चूक काही मालकाची, काही आमचीही होती. आम्ही घाई केली. त्यानंतर कित्येक महिने रात्री तीन वाजता डोळे उघडत आणि ती बासष्ट नावे हजेरीपटासारखी एकामागून एक समोर येत. त्या दिवसांत एका जुन्या ग्रंथालयात जॉर्ज लव्हलेस नावाच्या इंग्रज शेतमजुराची पुस्तिका हाती आली. शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. टॉलपडलच्या सहा मजुरांची गोष्ट आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात अनेकदा सांगितली होती. पण ज्याची गोष्ट आहे त्याचेच लिखाण वाचले नव्हते. वाचल्यावर ध्यानात आले, की आपण या गोष्टीचा अर्धा भाग गाळून सांगत आलो आहोत.

टॉलपडल हे इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यातले लहानसे खेडे. लव्हलेसचा जन्म १७९७ चा. नांगर धरणारा मजूर, बायको आणि तीन मुले. शाळा बेताची, पण पोटाला चिमटा घेऊन त्याने धर्मग्रंथांचे छोटेसे कपाट जमवले होते. तो आणि त्याचा भाऊ जेम्स हे मेथॉडिस्ट पंथाचे हौशी उपदेशक. म्हणजे सहा दिवस दुसऱ्याच्या शेतावर राबायचे आणि रविवारी पायी आसपासच्या गावी जाऊन प्रवचन करायचे. याबद्दल दमडी मिळत नसे.

हा मेथॉडिस्ट पंथ काय होता, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. कारण आपल्या विषयाचे मूळ तिथे आहे. पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली हा ऑक्सफर्डचा पंडित. १७३६ च्या जानेवारीत तो जहाजाने अमेरिकेला निघाला असता समुद्रात तुफान झाले. मोठे शीड फाटले, पाणी आत आले, इंग्रज उतारू किंकाळ्या फोडू लागले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे काही गरीब जर्मन होते. ते भजन म्हणत होते, आणि त्यांनी ते थांबवले नाही. नंतर वेस्लीने त्यांच्यातल्या एकाला विचारले, की तुम्हाला भीती वाटली नाही का? तुमच्या बायकापोरांनाही नाही? नाही, असे उत्तर आले. धर्मशास्त्र कोळून प्यालेल्या वेस्लीला कळून चुकले, की जे या लोकांकडे आहे ते आपल्याकडे नाही. व्रते, उपास, नियम यांनी त्याने स्वतःला नुसते दमवले होते. पुढे २४ मे १७३८ च्या रात्री लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका बैठकीत, ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणी वाचून दाखवत असताना, त्याच्या मनाची ती ओढाताण थांबली. आपण काही कमावून देवाच्या हवाली करावयाचे नाही, ते आधीच दिले गेले आहे, असा त्याला प्रत्यय आला. ख्रिस्ती श्रद्धेतला विसावा म्हणतात तो हा. मालकाच्या नजरेत पुरे पडण्यासाठी जन्मभर धडपडणाऱ्याला कोणी सांगावे, की तुझे खाते चुकते झाले आहे, तसा.

पण वेस्ली घरी जाऊन स्वस्थ बसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे तो उघड्या माळावर बोलू लागला. ज्यांना देवळात कोणी बसू देत नव्हते, त्यांना तुमचा आत्मा लाखमोलाचा आहे असे सांगितले गेले. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झाले, तेव्हा एक युक्ती निघाली. बारा-बारा जणांचे गट पाडावे, दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करावी आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमावा. हा प्रमुख पेनीसाठी घरोघर जाऊ लागला आणि त्याला दिसले, की कोण आजारी आहे, कोण दारूत बुडाला आहे, कोणाची चूल पेटलेली नाही. मग हाच गट मनातले बोलण्याची जागा झाला. ज्यांनी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन चाळी पालथ्या घातल्या आहेत त्यांना हे वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. युनियनची वर्गणी आणि गटप्रमुख ही दोन्ही हत्यारे इंग्रज मजुराच्या हाती प्रार्थनागृहातून आयती आली. सभेत उभे राहून बोलणे, हिशेब लिहिणे, ठराव मांडणे हे पुष्कळांनी तिथेच गिरवले.

आता टॉलपडलकडे येऊ. १८३० नंतर शेतमजुरी घसरत चालली होती. गावच्या मजुरांनी मालकांशी बोलणे केले. इतर भागांत मिळते तेवढी, म्हणजे आठवड्याला दहा शिलिंग मजुरी द्यावी, असे ठरले. सरकारमान्य इंग्लंडच्या चर्चचा गावातला धर्मगुरू त्याला साक्षी होता. पुढे मालकांनी शब्द फिरवला. नऊ झाले, आठ झाले, सात झाले, आणि सहावर आणू अशी भाषा सुरू झाली. मजूर धर्मगुरूकडे गेले, तर त्याने साक्ष नाकारली. लव्हलेसने हे पुस्तिकेत कडवटपणा न आणता, पण स्पष्ट लिहून ठेवले आहे.

१८३३ च्या ऑक्टोबरात त्यांनी शेतमजुरांची संघटना काढली. तसे करणे बेकायदा नव्हते, संघटनाबंदीचे कायदे १८२४ सालीच रद्द झाले होते. चूक एकच झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, सांगाड्याचे चित्र समोर ठेवून शपथ देण्यात आली. गावचा जमीनदार आणि दंडाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नला पत्रे लिहून सल्ला घेतला आणि आरमारातील बंडानंतर १७९७ साली केलेला बेकायदा शपथांविरुद्धचा कायदा शोधून काढला. २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे सहा जणांना पकडून सात मैल चालवत डॉर्चेस्टरला नेले. लव्हलेस बंधू, थॉमस आणि जॉन हे स्टँडफील्ड बापलेक, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट.

तुरुंगात त्यांची डोकी भादरली. एक दिवस तुरुंगाचा धर्मोपदेशक आला. तुम्ही आळशी आणि असंतुष्ट आहात, मालकांना बुडवायला निघाला आहात, वस्तुतः मालकापेक्षा तुमचेच बरे चालले आहे, असे त्याने ऐकवले, आणि मजुराच्या सुखासाठी आणखी काय करता येईल ते सांग, असे आव्हान दिले. लव्हलेस म्हणाला, सांगतो. ससे आणि कोल्हे यांच्यामागे धावण्यासाठी जे घोडे पाळले जातात ते थोडे कमी करावे. आणि आपल्यासारख्या धर्माची वस्त्रे ल्यालेल्या सद्गृहस्थांनी पगार थोडा कमी घेतला तरी चालेल. उपदेशक परत फिरला.

हा प्रसंग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच कोठडीत दोन ख्रिस्ती माणसे समोरासमोर उभी आहेत. दोघांचे पुस्तक एक, देव एक. एकजण शांत राहा म्हणतो, कारण मजूर शांत राहिला की दुसऱ्यांची झोप मोडत नाही. दुसरा स्वतः शांत आहे, म्हणूनच समोरच्याला बेधडक उत्तर देऊ शकतो. अफू म्हणतात ती पहिली. दुसरी गोष्ट अफू नव्हे. अफू घेतलेला माणूस धर्मोपदेशकाच्या पगाराचा हिशेब काढीत नाही.

खटल्यापूर्वी तीन दिवस त्यांना न्यायालयाखालच्या ओल्या तळघरात ठेवले. ऊब म्हणून ओले, हिरवे सरपण दिले. त्याच्या धुराने जीव गुदमरे. (ती न्यायालयाची इमारत डॉर्चेस्टरमध्ये जपली आहे आणि २०१८ पासून तिथे संग्रहालय आहे.) न्यायाधीश बॅरन विल्यम्स. आरोप मान्य करणाऱ्या ज्यूरीचा प्रमुख खुद्द मेलबर्नचा मेहुणा. लव्हलेसने लेखी निवेदन दिले, की आम्ही कोणाच्या अब्रूला, अंगाला वा मालमत्तेला धक्का लावलेला नाही. बायकापोरांची उपासमार टळावी म्हणून आम्ही एकत्र आलो. १९ मार्चला शिक्षा सुनावली गेली. सात वर्षे काळे पाणी. ही शिक्षा तुमच्या कृत्याबद्दल नसून इतरांना दहशत बसावी म्हणून आहे, असे न्यायाधीशाने सांगितल्याचे लव्हलेस लिहितो. बेड्या घालून नेत असता त्याने एका चिठोऱ्यावर स्वतः रचलेल्या काही ओळी वाटेतल्या लोकांकडे फेकल्या. त्यांत देवावरचा विश्वास आणि आपल्या हक्कांची मागणी ही दोन्ही शेजारी शेजारी होती. पहारेकऱ्यांनी तो कागद झडप घालून पकडला आणि न्यायाधीशाकडे पोचवला.

त्यानंतर लव्हलेस आजारी पडला, म्हणून पाच जण आधी गेले आणि त्याला एकट्याला मागाहून पोर्ट्समथला नेले. वाटेत सॉल्सबरी शहर लागले. सोबतचा कारकून भला असावा. तो म्हणाला, गावातून जाताना पायातल्या साखळ्या काढू का, आवाजाने लोक बघतात. लव्हलेसने सांगितले, गरज नाही. मी निर्दोष आहे, मला यांची लाज वाटत नाही.

आणि मग ते पत्र. मे १८३४. जहाज सुटण्याच्या बेतात. गावी बायको बेट्सी आणि तीन मुले. मजुरांच्या कुटुंबांना गावनिधीतून मदत द्यावयाची नाही, असे फ्रॅम्प्टनने ठरवलेले. अशा वेळी नवरा बायकोला काय लिहितो? तो लिहितो, की माझी चिंता करू नकोस. यातून शेवटी भलेच होईल आणि आपण पुन्हा एकत्र आनंद करू. मुलांच्या वळणाकडे आणि आत्म्याकडे लक्ष दे. स्वतःला तोशीस लावून मला पैसे पाठवू नकोस. वारा आणि लाटा ज्याच्या हुकमात आहेत तो माझ्या पाठीशी आहे, मग मी जगो वा मरो. अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वीच्या त्या जहाजावरचे गरीब जर्मन इथे आम्हाला पुन्हा भेटतात.

आम्ही हे पत्र प्रथम वाचले तेव्हा रात्र बरीच झाली होती. या माणसाचीही माणसे फाटकाबाहेर गेली होती, नव्हे, समुद्रापार गेली होती. त्यांना संघटनेत त्यानेच आणले होते. भाऊ, शेजारी, शेजाऱ्याचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. तरी तो तीन वाजता उठून बसलेला दिसत नाही. स्वतःच्या खांद्याला जेवढे पेलते तेवढे त्याने वाहिले, बाकीचे दुसऱ्याच्या हवाली केले. आमच्यापाशी तो दुसरा नव्हता. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही.

व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, येथे तो सप्टेंबरात पोचला. रस्त्यावर साखळदंडातील टोळीत, मग सरकारी शेतावर मेंढ्या आणि गुरांमागे. झोपडीत माणसे आठ आणि खाटा पाच, नवा आलेला जमिनीवर. पुस्तिकेत हे सगळे आहे. दुःख लपवलेले नाही. विसावा मिळालेल्या माणसाला थंडी वाजत नाही, असा त्याचा दावा कोठेही नाही.

इकडे लंडनमध्ये २१ एप्रिल १८३४ रोजी कोपनहेगन फील्ड्सवर हजारो कामगार जमले. दोन लाखांवर सह्यांचा अर्ज निघाला. मेलबर्नने तो त्या दिवशी स्वीकारला नाही. पण लोकांनी पिच्छा सोडला नाही. मार्च १८३६ मध्ये सहाही जणांना पूर्ण माफी द्यावी लागली. हे ध्यानात घेतले पाहिजे. लव्हलेसला परत आणले ते वर्गणी, मोर्चा, सह्या आणि पार्लमेंटमधली भाषणे यांनी. प्रार्थनेने बोट परत वळली, असे तो स्वतःही म्हणत नाही. आणि त्याच्या पंथाचे वरिष्ठ? वेस्लीयन पुढारी या प्रकरणापासून अंग चोरून राहिले. सरकारच्या डोळ्यांवर येऊ नये, ही त्यांची चिंता होती. मोठ्या संघटनांचे पुढारी असे वागतात, हे आम्ही दुसऱ्या ठिकाणीही पाहिले आहे.

इतिहासकारांत या पंथावरून जुना वाद आहे. एली हालेव्ही या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले, की इंग्लंडमध्ये फ्रान्ससारखी क्रांती झाली नाही याचे एक मोठे कारण मेथॉडिस्ट पंथ. ई. पी. टॉम्सनने १९६३ च्या आपल्या ग्रंथात या पंथाची कठोर झडती घेतली. पराभूत मजुरांची आशा तिथे जिरवली गेली आणि गिरणीला हवी तशी शिस्त त्यांच्या हाडांत भिनवली गेली, असा त्याचा आरोप. आरोप खोटा नाही. पण त्यालाही कबूल करावे लागले, की याच प्रार्थनागृहांतून मजुरांचे पुढारी निघत राहिले. १८३१ साली डरहम आणि नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांचा यशस्वी संप चालवणारा टॉमी हेपबर्न हा याच परंपरेतल्या प्रिमिटिव्ह मेथॉडिस्टांचा उपदेशक होता. १८७२ साली वेल्सबर्न गावी चेस्टनटच्या झाडाखाली शेतमजुरांना उभे करणारा जोसेफ आर्च हाही. आमच्या मते दोन्ही बाजू एकाच पंथाबद्दल खऱ्या आहेत, आणि फरक पडतो तो विसावा कोणी कोणाला दिला यावर. वरून आलेला विसावा गप्प करतो. स्वतः भोगून मिळवलेला बोलता करतो.

लव्हलेस जून १८३७ मध्ये परतला आणि त्याच वर्षी त्याने ती पुस्तिका लिहिली. पुढच्या वर्षी आणखी चौघे आले. काही वर्षे एसेक्समध्ये शेती करून हे पाचही जण कुटुंबांसह कॅनडाला गेले. लव्हलेस १८७४ साली तिथेच वारला. ओंटॅरिओतील लंडन शहराजवळ सायलोमच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

राहिला हॅमेट. तो प्रवचन करणारा नव्हता. शपथ झाली त्या रात्री तो त्या खोलीतही नव्हता. त्याचा भाऊ होता. भावाला वाचवण्यासाठी तो गप्प राहिला आणि त्याच्याऐवजी काळे पाणी भोगून आला. तिकडे आपल्याला गुलामासारखे एक पौंडाला विकले, असे तो सांगत असे. १८३९ मध्ये तो टॉलपडलला परतला, गवंड्याच्या हाताखाली राबला. १८७५ साली आर्चच्या संघटनेने त्याचा सत्कार करून त्याला घड्याळ दिले. १८९१ मध्ये तो डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात मेला. सहांपैकी टॉलपडलच्या मातीत निजलेला तो एकटाच. १९३४ मध्ये, शंभराव्या वर्षी, कामगारांनी त्याच्या डोक्याशी दगड बसवला. दर वर्षी जुलैत युनियनांचे लोक बावटे घेऊन तिथे येतात आणि त्या दगडापाशी फुले ठेवतात.

आमच्या चाळीतल्या नानांची गिरणीतली नोकरी परत मिळाली नाही. त्यांनी एका शाळेत रखवालदारी धरली, रात्रपाळीची. वडील कधी कधी संध्याकाळी त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत चालत जात. दोघे काय बोलत ते ठाऊक नाही. रविवारचा सदरा नानांनी शेवटपर्यंत सोडला नाही.